पत्त्यापलीकडची तपासणी

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याच्या अर्वाचीन इतिहासात कागदाने माणसावर केलेल्या अन्यायाचे प्रकरण मोठे आहे. गोमाई आणि तापी या नद्यांच्या खोऱ्यातील काळी, कसदार जमीन आदिवासी कुटुंबांच्या ताब्यातून ज्या दस्तऐवजांच्या आधारे निघून गेली, ते दस्तऐवज दप्तराच्या दृष्टीने पुष्कळदा बिनचूक असत. त्यांवर मुद्रांक असे, अंगठा असे, साक्षीदारांची नावे असत. नसे तो सच्चा व्यवहार. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आणि १९७२ साली येथे उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या रेट्याने जो प्रश्न महाराष्ट्रासमोर ठाकला, त्याच्या मुळाशी हेच होते, की बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या कागदाच्या आत डोकावण्याचा अधिकार शासनाने घ्यावा की घेऊ नये. शासनाने पुढे तो घेतला. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतच्या १९७४ च्या महाराष्ट्र अधिनियमाने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे पुन्हा तपासण्याची मुभा महसूल अधिकाऱ्यांना दिली. परंतु ती देताना काळाची मर्यादा घातली, चौकशीची रीत ठरवून दिली, आणि निर्णयाविरुद्ध महसूल न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची वाट मोकळी ठेवली.

हा इतिहास येथे आठवण्याचे कारण असे, की त्याच प्रश्नाने आता वेगळ्या वेषात त्याच तालुक्यात प्रवेश केला आहे. बँकांच्या शाखा, पतसंस्था, महाविद्यालये, दवाखाने, सहकारी संस्थांच्या कचेऱ्या, इतकेच काय पण रेशन दुकानातील अंगठा घेणारे यंत्रसुद्धा आज इंटरनेटच्या जाळ्याने बाहेरच्या जगाशी जोडलेले आहे, आणि ज्या कचेरीत दहा-वीस संगणक आहेत तिच्या दाराशी फायरवॉल नावाचा पहारेकरी बहुधा उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशाचा केवळ पत्ता पाहून त्याने वाट द्यावी, की संदेश उघडून आतील मजकुराचीही खातरजमा करावी, आणि करायची तर किती, कोणाच्या हुकुमाने व कोणाला जाब देऊन, हे ठरवणे म्हणजेच तंत्रज्ञ ज्याला ॲप्लिकेशन प्रोटोकॉल इन्स्पेक्शन म्हणतात त्याची मांडणी करणे होय. हे काम सामान्यतः यंत्र बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडले जाते. ते तसे सोडण्याजोगे नाही. कारण मजकूर उघडण्याचा अधिकार ही एक सत्ता आहे, आणि कारण, मर्यादा व नोंद यांच्यावाचून बहाल केलेली सत्ता प्रथम निष्काळजी आणि मग घातक होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

यंत्राची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. जाळ्यावरून जाणारा मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक पॅकेटाला टपालाच्या पाकिटाप्रमाणे एक दर्शनी भाग आणि एक अंतर्भाग असतो. दर्शनी भागावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक असतात. अंतर्भागात प्रत्यक्ष मजकूर असतो. पोर्ट क्रमांकावरून सेवेचा अंदाज बांधता येतो: २५ वर ईमेल, ५३ वर संकेतस्थळांच्या नावांची पृच्छा, ८० व ४४३ वर संकेतस्थळे, २१ वर फायलींची देवघेव. फायरवॉलची पहिली पिढी एवढ्यावरच निवाडा करी. १९९० च्या दशकात संभाषणाची स्थिती ध्यानात ठेवणारी दुसरी पिढी आली. आतून कोणी विचारले असेल तरच बाहेरचे उत्तर आत घ्यावे, हा तिचा शिरस्ता. परंतु पोर्ट क्रमांक ही मुळात केवळ वहिवाट आहे. ८० क्रमांकाच्या दारातून संकेतस्थळाऐवजी दुसरेच काही नेण्यास यंत्राची आडकाठी नसते, आणि नावांची पृच्छा करण्यासाठी राखलेल्या ५३ क्रमांकाच्या दारातून, पृच्छेच्या नावातच चोरीच्या माहितीचे तुकडे गुंफून ती बाहेर नेण्याची युक्ती चोरांना केव्हाच साधलेली आहे.

अंतर्भाग वाचण्याची गरज मात्र चोराआधी एका जुन्या आणि सज्जन रिवाजाने निर्माण केली. फायलींच्या देवघेवीचा एफटीपी हा प्रोटोकॉल, ज्याचे प्रमाण रूप ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ या दस्तऐवजात निश्चित झाले, एका कामासाठी दोन जोडण्या वापरतो. पहिल्या जोडणीवर आज्ञा दिल्या जातात आणि फाइल दुसऱ्या जोडणीवरून येते. ती दुसरी जोडणी कोठे करायची, हे आतला संगणक पहिल्या जोडणीच्या मजकुरात लिहून कळवतो. ‘१९२,१६८,१,१०,१९५,८०’ असे सहा आकडे त्याने लिहिले, तर पहिले चार त्याचा पत्ता दाखवतात, आणि पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला की ५०,००० हा पोर्ट क्रमांक मिळतो. केवळ दर्शनी भाग वाचणाऱ्या पहाऱ्याला हा करार ठाऊकच नसतो. बाहेरचा सर्व्हर ५०,००० क्रमांकाच्या दाराशी येऊन उभा राहिला, की तो त्याला उपरा समजून हुसकावतो. यावर एक इलाज असा, की वरच्या क्रमांकांची हजारो दारे कायमची उघडी टाकावीत. दुसरा असा, की पहाऱ्याने पहिल्या जोडणीतील मजकूर वाचावा, ठरलेले तेवढे एकच दार त्या एका कामापुरते उघडावे आणि काम होताच लावून घ्यावे. दुसऱ्या इलाजाचे श्रेष्ठत्व उघड आहे. पण तो पत्करताना आणखी एक गोष्ट पत्करावी लागते. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खासगी असतो. बाहेर त्याला किंमत नसते. म्हणून पहाऱ्याला मजकुरातील ते आकडे खोडून तेथे सार्वजनिक पत्ता लिहावा लागतो, आणि अक्षरांची संख्या बदलली तर त्या जोडणीतील पुढच्या सर्व पॅकेटांचे क्रमांक सांभाळून घ्यावे लागतात. पहारेकरी येथे नुसता वाचक राहत नाही. तो मजकुरात फेरफार करणारा होतो.

सिस्को कंपनीच्या एएसए या फायरवॉलवर, जी या विषयाच्या अध्यापनात दीर्घकाळ नमुना म्हणून वापरली गेली, हा अधिकार तीन पायऱ्यांनी दिला जातो. क्लास-मॅप या आज्ञेने कोणती वाहतूक ते सांगायचे. पॉलिसी-मॅपने त्या वाहतुकीचे काय करायचे ते ठरवायचे. आणि सर्व्हिस-पॉलिसीने तो हुकूम साऱ्या यंत्राला लागू करायचा की एखाद्याच इंटरफेसपुरता, हे जाहीर करायचे. कोणत्याही जुन्या मामलेदार कचेरीला शोभावी अशी ही शिस्त आहे. परंतु यंत्र खोक्यातून बाहेर काढले जाते तेव्हाच त्यात एक तयार हुकूमनामा अंमलात असतो, आणि त्यानुसार डीएनएस, एफटीपी, ईएसएमटीपी, एसआयपी, एच-३२३, एसक्यूएल-नेट, टीएफटीपी, नेटबायॉस अशा कितीतरी प्रोटोकॉलांची तपासणी आपोआप चालू राहते. उलट एचटीटीपी आणि आयसीएमपी यांची नावे त्या यादीत नसतात. ही यादी निर्मात्याने जगातील सर्व गिऱ्हाइकांसाठी सरसकट केलेली आहे. शहाद्याच्या एखाद्या कचेरीत कोणते संदेश चालतात हे तिला ठाऊक असणे शक्य नाही. ‘कोणती’, ‘काय’ आणि ‘कोठे’ या तीन प्रश्नांची उत्तरे घेतल्यावाचून यंत्र पुढे सरकत नाही, पण ‘का’ हा चौथा प्रश्न ते विचारत नाही, आणि म्हणून तो माणसाने विचारला पाहिजे.

तो न विचारल्याचे परिणाम कसे होतात याची उदाहरणे या शास्त्राच्या इतिहासात विपुल आहेत. सिस्कोच्या यंत्रांत ईमेलच्या तपासणीचा असा शिरस्ता अनेक वर्षे होता, की सर्व्हरच्या स्वागतपर ओळीतील अक्षरे तारकांनी झाकावीत आणि आपल्या यादीत नसलेल्या आज्ञांच्या जागी ‘एक्स’ अक्षरे भरावीत. हेतू शुद्ध होता. सर्व्हरची जात-कुळी चोराला कळू नये, एवढेच त्यात होते. परंतु पुढे टपाल कूटबद्ध करण्याची स्टार्ट-टीएलएस ही आज्ञा प्रचारात आली, आणि यादीत नसल्यामुळे तीही या झाकपाकीत पुसली गेली. दोन्ही टोकांच्या सर्व्हरांनी प्रामाणिकपणे असे समजून घेतले, की समोरच्याला गुप्त टपाल कळत नाही, आणि पत्रे उघडी जाऊ लागली. नावांच्या पृच्छेचेही तसेच झाले. १९८७ च्या नियमानुसार डीएनएसचे उत्तर ५१२ अष्टकांहून मोठे नसावे. १९९९ साली ती मर्यादा वाढवण्याची सोय झाली आणि स्वाक्षरीने प्रमाणित केलेली मोठी उत्तरे पुढे रूढ झाली. पण जुन्या मर्यादेवर अडून बसलेले पहारे ती उत्तरे टाकून देत राहिले, आणि एखादे संकेतस्थळ कधी उघडते, कधी उघडत नाही, याचे कारण कचेरीतील कोणालाच उमगेना.

याहून गंभीर उदाहरण ३१ ऑक्टोबर २०२० चे आहे. त्या दिवशी सॅमी कामकार या संशोधकाने ‘नॅट स्लिपस्ट्रीमिंग’ नावाची युक्ती प्रसिद्ध केली. एसआयपी हा जाळ्यावरून दूरध्वनी जोडणारा प्रोटोकॉल आहे, आणि एफटीपीप्रमाणेच तोही आपला पत्ता व पोर्ट मजकुरात लिहितो; त्यामुळे पुष्कळशा राउटरांत तो वाचणारा तपासनीस बसवलेला असतो. कामकार यांनी दाखवले, की एखाद्या माणसाने नुसते एक पान ब्राउझरमध्ये उघडले, तरी त्या पानाला ब्राउझरकडून अशा बेताने संदेश पाठववता येतो, की त्याचा एक तुकडा नेमका एसआयपीच्या विनंतीसारखा दिसावा. तपासनीस तो वाचतो, आतल्या दूरध्वनीनेच दार मागितले असे समजतो, आणि बाहेरच्यासाठी आतल्या संगणकाचे दार उघडतो. पहारा तपासणी करत नसता तर हे दार उघडलेच नसते. पुढे क्रोमसारख्या ब्राउझरांनी ५०६० व ५०६१ या पोर्टांकडे जाणारी संकेतस्थळीय वाहतूक बंद केली, तेव्हा या युक्तीची ही वाट मिटली. जे वाचतो ते ज्याला पुरते समजत नाही, अशा वाचकाच्या हाती किल्ली देऊ नये, हा यातील बोध आहे.

येथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकू येते, आणि ते अनुभवी माणसांचे असल्यामुळे उपेक्षणीय नाही. दूरध्वनीवर एकाच बाजूचा आवाज येऊ लागला की एसआयपीची तपासणी बंद करा, हा सल्ला या धंद्यातला नवखाही देतो, आणि पुष्कळदा तो लागू पडतो; मग सर्वच तपासण्या बंद ठेवल्या तर काय बिघडले? बिघडते ते असे. एखाद्या साखर कारखान्याचा विचार करू. बॉयलरचे व कढयांचे तापमान, पंपांची गती, झडपांची स्थिती यांवर देखरेख करणाऱ्या उद्योगयंत्रणांत मॉडबस नावाचा प्रोटोकॉल सर्रास आढळतो. तो १९७९ सालचा आहे, आणि आज्ञा देणारा कोण हे ओळखण्याची कोणतीही सोय त्याच्या मूळ रूपात नाही. त्याचा पोर्ट क्रमांक ५०२. कार्यालयातील संगणकाने तापमान वाचले तरी संदेश ५०२ वरच जातो, आणि कोणी झडपेची मर्यादा बदलली तरी तो ५०२ वरच जातो. पत्त्यावरून दोन्ही सारखे आहेत. फरक आहे तो अंतर्भागातील आज्ञेच्या क्रमांकात: ३ म्हणजे वाचा, ६ किंवा १६ म्हणजे लिहा. कार्यालयाच्या बाजूने ३ ला मुभा आणि ६ व १६ ला मज्जाव, असा हुकूम केवळ मजकूर वाचणारा पहाराच बजावू शकतो. तपासणी नकोच म्हणणाऱ्याला येथे एक तर वाचनही बंद करावे लागेल, नाही तर लिहिणेही खुले ठेवावे लागेल.

म्हणजे तपासणीवाचून चालत नाही. परंतु तिच्याकडून किती अपेक्षा धरावी, याचा विवेक पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणाने शिकवला आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत त्या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या साखळीत एक बनावट स्विच घुसवून, बनावट कार्डांवरून रोकड मागणाऱ्या संदेशांना मूळ खात्यांची विचारपूस न होताच होकार देण्याची व्यवस्था चोरांनी केली होती, आणि भारतासह २८ देशांतील एटीएमांतून त्यांपैकी बहुतेक पैसे काढले गेले. तेथे संदेशांची भाषा अशुद्ध नव्हती. होकार हा होकाराच्याच ठरलेल्या रूपात जात होता. प्रोटोकॉलची तपासणी व्याकरण तपासते. वाक्य शुद्ध आहे की नाही हे ती सांगते, ते खरे आहे की नाही हे सांगत नाही. खोट्या दस्तऐवजावरचा खरा मुद्रांक ज्या तालुक्याने पाहिला आहे, त्याला हा भेद विस्ताराने समजावून सांगण्याची गरज नाही. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. अशी चौकट मंजूर करणाऱ्या संचालक मंडळांनी एवढे ध्यानी ठेवावे, की फायरवॉलवर तपासणी चालू आहे या उत्तराने खातेदाराचे पैसे सुरक्षित असल्याचे सिद्ध होत नाही. जमाखर्चाचा मेळ रोजच्या रोज आणि वेगळ्या वाटेने घालणे हे काम पहाऱ्याचे नसून हिशेबनिसाचे आहे.

आता उरतो तो सर्वांत नाजूक प्रश्न, म्हणजे बंद पाकिटाचा. आज संकेतस्थळांची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असते, आणि पहाऱ्याला तिचा अंतर्भाग दिसत नाही. यावर उपाय म्हणून अशी यंत्रे विकली जातात, की जी कचेरीच्या संगणकांत स्वतःचा प्रमाणदाखला बसवून घेतात, प्रत्येक बंद पाकीट मध्येच उघडतात, वाचतात आणि पुन्हा चिकटवून पुढे पाठवतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे आढळले, की अशी उघडझाप करणारी उपकरणे पुष्कळदा मूळच्यापेक्षा कमकुवत कुलूप लावून पाकीट पुढे धाडतात. तांत्रिक दोष हा त्यातला लहान भाग. महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे खासगी पत्र, परिचारिकेचा बँकेशी व्यवहार, कारकुनाने डॉक्टरला विचारलेला प्रश्न, हे सारे एका खोलीतील यंत्रात क्षणभर उघडे पडते, आणि त्या यंत्राची किल्ली कोणाकडे आहे हे बहुधा त्यांपैकी कोणालाच माहीत नसते.

या बाबतीत कायद्याने शासनालाही मोकळे सोडलेले नाही. दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या खटल्यात असे ठरवले, की असा हुकूम गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावा आणि पुनर्विलोकन समितीने तो दोन महिन्यांच्या आत तपासावा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. फोनवरचे एक संभाषण ऐकण्यासाठी शासनाला जर गृहसचिवाचा हुकूम लागतो, तर दोनशे माणसांची सर्व पाकिटे उघडण्यासाठी एखाद्या संस्थेच्या चिटणिसाची निदान सही तरी लागावी, ही मागणी अवास्तव खास नाही.

आणि या परिसराने बंद पाकिटाचा एक चांगला नमुनाही पाहिला आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले. आधारच्या योजनेविषयी मतभेद पुष्कळ आहेत आणि ते न्यायालयापर्यंत गेले. पण ओळख पटवण्याच्या तिच्या संदेशाची रचना या विवेचनाला उपयोगी आहे. रेशन दुकानातील यंत्रावर बोट टेकले, की त्या ठशाचा मजकूर तेथेच कूटबद्ध होतो, आणि तो आधारच्या प्राधिकरणावाचून वाटेतील कोणालाही उघडता येऊ नये अशी त्याची बांधणी असते. अशा संदेशासमोर पहाऱ्याचे कर्तव्य एवढेच, की तो नेमक्या ठिकाणी जात आहे ना हे पाहावे आणि हात मागे घ्यावा. तपासणी न करण्याचा हुकूमही मांडणीचाच भाग आहे, आणि तोही तितक्याच स्पष्टपणे लिहिला गेला पाहिजे.

या दिशेने या क्षेत्रातील जाणत्यांनी स्वतःच पाऊल टाकलेले आहे. लिनक्स प्रणालीत एफटीपी, एसआयपी इत्यादींचा मजकूर वाचणारे साहाय्यक पूर्वी योग्य तो पोर्ट दिसताच आपोआप कामाला लागत. २०१६ सालच्या ४.७ या आवृत्तीपासून ही आपोआप नेमणूक मुळातच बंद ठेवण्यात आली, आणि कोणत्या वाहतुकीला कोणता साहाय्यक द्यायचा हे व्यवस्थापकाने नाव घेऊन सांगावे असे ठरले. सरसकट सनद जाऊन नावानिशी नेमणूक आली. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांनाच जर एवढी सावधगिरी इष्ट वाटली, तर ते विकत घेणाऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही.

लहान गावच्या संस्थेला हे परवडणार नाही, तिच्याकडे माणूस कोठे, असा आक्षेप येईल. धुळे, नाशिक किंवा सुरतेहून आलेला तंत्रज्ञ यंत्र लावून जातो आणि मागे राहतो तो एक पासवर्ड, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु येथे मागितली जात आहे ती विद्वत्ता नव्हे. एक नोंदवही आणि तिच्यात प्रत्येक चालू तपासणीमागे एक ओळ हवी: कोणत्या प्रोटोकॉलची, कोणत्या संगणकांपुरती, कोणत्या कारणाने, कोणाच्या सांगण्यावरून, आणि पुन्हा केव्हा पाहायची. एफटीपी कोणी वापरतच नसेल, तर त्याची तपासणी आणि त्याचे दार दोन्ही बंद व्हावीत. बंद पाकीट उघडायचे असेल, तर ते ज्यांचे आहे त्यांना आधी सांगितले जावे. ज्या ओळीपुढे कारण लिहिता येणार नाही, ती ओळ यंत्रातून काढली जावी. शहाद्याने सातपुडा साखर कारखान्यापासून शिक्षणसंस्थांपर्यंत सहकाराने आणि लोकवर्गणीच्या बळावर मोठ्या संस्था उभ्या केल्या, आणि सभासदांपुढे हिशेब ठेवण्याची सवय त्या संस्थांना आहे. त्याच वार्षिक सभेत, ताळेबंद मंजूर झाल्यावर, ही नोंदवही टेबलावर ठेवण्याची मागणी सभासदांनी करावी; ती करण्यासाठी कोणालाही संगणकतज्ज्ञ व्हावे लागत नाही.

आपल्या नावावर आलेले पाकीट वाटेत कोण उघडतो आणि का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे.